वैतरणेच्या फुगवट्यात दोन रात्री: कयाकची मुक्कामी सहल कशी आखावी

कयाक घेऊन दोन-तीन दिवस पाण्यावर जायचं ठरलं की पहिली चर्चा नावेची होते. कोणती घ्यायची, भाड्याने कुठे मिळेल, किती लांबीची हवी. माझं ऐकाल तर नावेचा विषय आठ दिवस बाजूला ठेवा आणि आधी दोन रात्री कुठे काढायच्या ते ठरवा. पाण्यावरचा दिवस कसाही निभावतो. अंधार पडताना उतरायला जागा सापडली नाही, तर मात्र फार हाल होतात.

मला हे एका मार्च महिन्यात कळलं. नकाशात हिरवागार दिसणारा काठ गाठला, तेव्हा पाणी शंभरेक पावलं मागे सरकलेलं होतं आणि मध्ये गुडघाभर चिखल. सामानाने भरलेल्या नावा त्यातून ओढता येईनात. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर करणाऱ्या एका कुटुंबाने बॅटरी हलवून पलीकडचा मुरमाड उतार दाखवला, म्हणून आम्ही रात्री आठला कोरड्या जमिनीवर आलो. त्यानंतर आधी न पाहिलेल्या काठावर मी मुक्काम ठरवलेला नाही.

कोणतं पाणी निवडावं?

गंगापूर धरण नाशिककरांना जवळचं. सकाळच्या सरावाला ते उत्तम, पण मुक्कामासाठी तो काठ मी सोडून देतो. दारणा आणि मुकणे दोन्ही मोठी आहेत. दोन रात्रींसाठी माझी पसंती वैतरणा नदीवरच्या अप्पर वैतरणा धरणाला. वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरातच उगम पावते, मात्र गोदावरीसारखी पूर्वेला न जाता पश्चिमेला समुद्राकडे उतरते. 1973 मध्ये पूर्ण झालेल्या या प्रकल्पात वैतरणा आणि आळवंडी अशी दोन धरणं आहेत आणि त्यांचं पाणी एकमेकांना मिळालेलं आहे. त्यामुळे काठ सरळ नाही, तो बोटांसारखा आत-बाहेर गेलेला आहे. कयाकसाठी हे फार मोलाचं. वारा सुटला की जवळच्या एखाद्या बोटात शिरून आडोसा घेता येतो.

काठ आधी जमिनीवरून पाहा

सहलीच्या पंधरा दिवस आधी मोटारसायकलने घोटीमार्गे जा आणि जिथे वाट संपेल तिथून चाला. मुक्कामाच्या जागेत मी चार गोष्टी बघतो. उतार मुरमाड किंवा खडकाळ हवा. तंबूची जागा पाण्यापासून निदान दोन पुरुष उंच हवी, कारण धरणाची पातळी आपल्याला विचारून बदलत नाही. ती ओढ्याच्या तोंडाशी किंवा गुरांच्या पाणवठ्याच्या वाटेवर नको. आणि कुणी आजारी पडलं तर अर्ध्या तासात गाडीरस्त्याला लागता आलं पाहिजे. अशा दोन जागा मुक्कामासाठी निवडा आणि वाटेत आणखी दोन राखीव ठेवा.

याच फेरीत माणसांना भेटा. जमीन कुणाची आहे ते पोलीस पाटील किंवा सरपंच सांगतील. मालकाला भेटून तोंडी का होईना हो म्हणवून घ्या, बिबट्याचा वावर कुठे आहे तेही विचारा. मग मासेमारी करणाऱ्यांकडे जा. कुठे जाळी लावलेली असतात, पाण्याखाली बाभळीचे खुंट कुठे आहेत, दुपारी वारा कोणत्या अंगाने येतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. पाण्यावर रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे रांगेत तरंगताना दिसले, तर खाली जाळं आहे असं समजून वळसा घाला. जाळं फाटलं तर त्या घराची कमाई बुडते.

परवानगीचा अर्ज जलसंपदा विभागाच्या स्थानिक कार्यालयात लेखी द्या: सगळ्यांची नावं, तारखा, उतरण्याच्या जागा, संपर्क. मुक्कामाची जागा वनजमिनीत येत असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांचीही परवानगी लागते. जवळच्या पोलीस ठाण्यात एक प्रत द्यावी. परवानगी मिळाली नाही तर दुसरं पाणी शोधा, चोरून उतरू नका.

दिवस आणि अंतर

पावसाळ्यात या पाण्यावर जाऊच नये. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारून विजा घेऊन येतो आणि उघड्या पाण्यावर सगळ्यांत उंच वस्तू आपणच असतो. नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारी हा काळ चांगला. पातळी बरीच वर असते आणि चिखलाचा पट्टा अरुंद असतो. थंडी मात्र बोचरी असते, ओलं अंग आणि संध्याकाळचा वारा एकत्र आले की दात वाजायला लागतात. फेब्रुवारीनंतर जायचं असेल तर काठ पुन्हा बघून या.

सामान भरलेली कयाक नवख्या हाताने ताशी तीन-चार किलोमीटर जाते. नकाशावर मोजलेलं सरळ अंतर इथे फसवं असतं, काठाकाठाने मोजा. दिवसाला दहा किलोमीटर पुरे. डिसेंबरात उजाडतं सातच्या सुमारास, म्हणून साडेसातला नाव पाण्यात हवी आणि अकरा-साडेअकरापर्यंत दिवसाचं मोठं अंतर कापलेलं हवं. दुपारी वारा वाढतो, आणि मोकळं पाणी जितकं लांब तितकी लाट मोठी होते. लाटांच्या डोक्यावर पांढरा फेस दिसला की जवळच्या काठाला लागायचं, उरलेलं अंतर उद्या. तिसरा दिवस मुद्दाम छोटा ठेवा, म्हणजे अडकलेला वेळ तिथे भरून निघतो.

नाव आणि सराव

नवख्यांनी वर बसायची कयाक घ्यावी. ती उलटली तरी पाण्याने भरत नाही आणि पुन्हा चढणं सोपं जातं. मात्र ते जमिनीवर शिकता येत नाही. पोहण्याच्या तलावात किंवा काठाजवळच्या उथळ पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, मुद्दाम उलटा. नाव सरळ करा, पोट टेकवून आडवे चढा, मग फिरून बसा. प्रत्येकाला हे तीनदा जमल्याशिवाय तारीख पक्की करू नका. मी याबाबत कुणाचंही ऐकत नाही, पट्टीच्या पोहणाऱ्याचंही नाही. तिघांपेक्षा कमी जणांनी जाऊ नये, आणि तिघांमध्ये एक जादा वल्हं असावं. लाइफ जॅकेट काठ सुटल्यापासून काठ लागेपर्यंत अंगावर, शिट्टी त्यालाच बांधलेली.

सामान

जड वस्तू मध्ये आणि तळाशी, हलक्या टोकांना. डाव्या-उजव्या बाजूचं वजन सारखं. सगळं ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीत, झोपायचे कपडे वेगळ्या पिशवीत. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर पाणी धरा. धरणाचं पाणी वापरावं लागलं तर खळखळून उकळा.

खाण्यात उगाच हौस नको. पहिल्या दिवसाला भाकरी आणि ठेचा, दुसऱ्याला दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. रात्रीसाठी डाळ, तांदूळ, मीठ, हळद घरीच मोजून एकत्र बांधून घ्या, अंधारात डबे शोधावे लागत नाहीत. चूल पेटवण्यापेक्षा छोटा गॅस बरा. काठावरचं गवत हिवाळ्यात वाळलेलं असतं.

पाण्यावर आणि काठावर

सांडवा, दरवाजे आणि वीजगृहाकडे पाणी ओढणारं तोंड यांपासून अर्धा किलोमीटर लांब राहा. वरून शांत दिसणारं पाणी तिथे खालून ओढत असतं. रात्री नाव काठावर पूर्ण वर ओढून दगडाला किंवा झाडाला बांधा.

हे पाणी मुंबई पिते. शौचाला पाण्यापासून निदान साठ पावलं लांब जा, वीतभर खड्डा करून माती लोटा. भांडीही तिकडेच, घरून नेलेल्या राखेने घासा. धरणात साबण अजिबात नको.

घरी एका माणसाकडे कागद ठेवा: कुठून निघणार, कुठे मुक्काम, रोज किती वाजता फोन येईल, आणि किती वाजेपर्यंत आला नाही तर 112 ला कळवायचं. डोंगरांमुळे रेंज कुठे मिळते, कुठे नाही. म्हणून फोन करायची ठिकाणंही पाहणीच्या फेरीतच नक्की करा.

परतल्यावर घरी आणि जमीनमालकाला पोहोचल्याचं कळवा. मग कयाक धुऊन उन्हात पूर्ण वाळू द्या. तळाला, वल्ह्याला, दोऱ्यांच्या गाठींत अडकलेला प्रत्येक हिरवा धागा काढून टाका. गोदावरीच्या पाण्यावर जलपर्णीचा गालिचा पसरलेला आपण नाशिककरांनी पाहिला आहे, आणि तिचा एक लहानसा तुकडाही दुसऱ्या धरणात रुजतो.