आतल्या चाकाचं रीडिंग गायब व्हायचं, त्यावर केलेला उपाय

आम्ही अ‍ॅरिझोनात राहतो. आमच्या मोटरहोमला, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीला, मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं (शेजारी शेजारी दोन), म्हणजे एकूण सहा टायर. टायर प्रेशर मॉनिटर बसवला, म्हणजे प्रत्येक टायरवरचा सेन्सर हवेचा दाब डॅशबोर्डवर कळवतो. पण मागच्या आतल्या चाकांचं रीडिंग चालत्या गाडीत सारखं गायब व्हायचं. नेमकं तिथेच तर लक्ष हवं! आतला टायर बसला तरी बाहेरचा भार पेलत राहतो, स्टिअरिंगवर काही जाणवत नाही आणि जास्तीच्या ओझ्याने तो चांगला टायरही तापतो.

सेन्सरच्या बॅटऱ्या बदलल्या, फरक शून्य. मग मागच्या बाजूला १२ व्होल्टच्या वायरवर रिपीटर जोडला. सेन्सरचा क्षीण सिग्नल पकडून पुढे डॅशबोर्डपर्यंत पोचवणं एवढंच त्याचं काम. आता सहाही आकडे टिकून राहतात.

सेन्सर मी व्हॉल्व्हवर टोपणासारखे बसणारे, हलके घेतले. दुसरा प्रकार फ्लो-थ्रू: त्यात सेन्सर न काढता हवा भरता येते, पण ते जड. त्यांना धातूचेच व्हॉल्व्ह हवेत. माझ्या प्रकारात हवा भरताना जोडचाकांत हात घालावा लागतो, कोपरापर्यंत काळा होतो. चालायचंच.

अलार्म लावण्याआधी सामान-पाण्यासकट गाडी ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर नेली. एक्सलवरचं वजन टायर कंपनीच्या तक्त्याशी ताडून थंड टायरचं (गाडी चालवण्याआधीचं) प्रेशर ठरवलं. टायरचं तापमान १० अंश फॅरनहाइटने वाढलं की प्रेशर साधारण २ टक्के चढतं. त्यामुळे फीनिक्सहून फ्लॅगस्टाफच्या चढणीला दुपारी आकडे फुगतात. तेव्हा हवा सोडायची नाही. जास्त प्रेशरचा अलार्म म्हणूनच थंड प्रेशरच्या २५ टक्के वर ठेवलाय.