स्वल्पविरामानंतरची एक स्पेस

नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झाले होते. एका सीएसव्ही फाइलमधले वयोगट पोस्टग्रेस या डेटाबेसच्या इंट४रेंज कॉलममध्ये, म्हणजे पूर्णांकांची रेंज (इथपासून इथपर्यंत) साठवणाऱ्या कॉलममध्ये, भरायचं काम माझ्याकडे आलं. रेंजमध्ये चौकोनी कंस म्हणजे ते टोक धरून, गोल कंस म्हणजे ते वगळून. ‘[१८, ३०)’, ‘[३०, ५०)’ या ओळी बिनबोभाट आत गेल्या. शेवटची ‘[५०, )’ मात्र अडली. एरर पूर्णांकाबद्दल होती आणि तिच्यातल्या अवतरणचिन्हांत काहीच दिसत नव्हतं. अख्खी दुपार मी कंसच तपासत बसले.

त्या अवतरणात खरं तर एक स्पेस होती. पोस्टग्रेस रेंज दोन टप्प्यांत वाचतं. आधी कंस आणि स्वल्पविराम बघून तुकडे पाडतं. कंसांच्या बाहेरची स्पेस सोडून देतं, पण आतली स्पेस सीमेचाच भाग धरतं. मग प्रत्येक तुकडा त्याच्या टाइपकडे, म्हणजे डेटाच्या प्रकाराकडे, जातो. पूर्णांक मागची-पुढची स्पेस स्वतःच झटकतो, म्हणून ‘ ३०’ चाललं. ‘[५०,)’ मध्ये स्वल्पविरामाला लागूनच कंस आहे, त्यामुळे वरचं टोक मोकळं. ‘[५०, )’ मध्ये मात्र सीमा दिलेली आहे आणि ती सीमा म्हणजे नुसती स्पेस. तिचा आकडा होणार कसा?

आकड्यांत स्पेस खपते, ही सवयच पुढे नडते. मजकुरावर स्वतःचा रेंज टाइप बनवला की ‘[क, ख]’ ची वरची सीमा ‘ख’ नसते, स्पेससकट ‘ ख’ असते. खालची सीमा वरचीपेक्षा मोठी ठरली तर एरर तरी येते. नाहीतर चुकीची रेंज गुपचूप साठते, आणि मला हेच जास्त धोक्याचं वाटतं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, स्ट्रिंग जोडून रेंज बनवू नका. दोन्ही टोकं वेगळ्या कॉलममध्ये घ्या, ट्रिम करा (कडेच्या स्पेस काढा), रिकामं उरेल तिथे नल (‘किंमत नाही’ ही खूण) करा आणि इंट४रेंज(५०, नल) असं फंक्शन वापरा. इथे नल म्हणजे मोकळं टोक. साधं ट्रिम फक्त स्पेस काढतं, टॅब नाही. वेब पानावरून चिकटून आलेली न तुटणारी स्पेसही तशीच राहते, तिला वेगळं रिप्लेस लागतं.

जाता जाता, ‘[१८,३०]’ भरल्यावर ‘[१८,३१)’ दिसलं तर घाबरू नका. पूर्णांकांची रेंज त्याच रूपात साठते.

टीममध्ये नवीन कोणी आलं की मी तीन इनपुट देते: ‘[५०,)’, ‘[५०, )’ आणि ‘ [५०,) ’. यातलं कोणतं अडेल ते आधी कागदावर लिहायचं, मगच क्वेरी चालवायची.