चॅटवरच्या मित्राला पहिल्यांदा भेटताना

वर्षभर रोज रात्री गप्पा हाणणारे दोघे समोरासमोर बसले की दहाव्या मिनिटाला मोबाइल बाहेर काढतात. मैत्री खोटी असते म्हणून नव्हे. चॅटवर विचार करायला वेळ मिळतो, लिहिलेलं खोडता येतं आणि समोरच्याबद्दल जे ठाऊक नसतं ते आपण मनानेच, बहुधा चांगलंच, भरून टाकतो. जोसेफ वॉल्थर या संवाद-अभ्यासकाने हे १९९६ मध्येच मांडलं होतं.

म्हणून मधली पायरी गाळू नका. आधी दोन-तीन फोन, मग निदान १५ मिनिटांचा व्हिडिओ कॉल. दर वेळी ‘कॅमेरा बिघडलाय’ असेल तर भेट रद्द. पैसे मागितले तर विषयच संपला. दिले गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार.

जागा वर्दळीची हवी, पण टेबलाशी बसायची नको. पुण्यात असाल तर आप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं उत्तम: दोघांची नजर पुस्तकांवर, त्यामुळे मधली शांतता अंगावर येत नाही. चहा नंतर. येणं-जाणं आपापलं. व्हॉट्सॲपवर घरातल्या एकाला लाइव्ह लोकेशन पाठवा, तेही ८ तासांचं. १ तासाचं भेट रंगात असतानाच संपतं. बॅटरी भरलेली ठेवा, फोन बंद तर लोकेशनही बंद.

खरी पंचाईत होते ती ‘अरे’ की ‘अहो’ची. लिहिताना सर्रास अरे-तुरे, आणि समोर दहा वर्षांनी मोठा माणूस दिसला की जीभ अडते. मग ‘कसं काय येणं झालं?’ अशी कर्ता गाळलेली वाक्यं सुरू होतात. पहिल्या मिनिटातच विचारून टाका: ‘अरे-तुरेच चालेल ना?’

वेळ दीड तास, आणि निघायची वेळ आधीच सांगितलेली. लांबलेली पहिली भेट हमखास रटाळ होते.

एका भेटीवरून निकाल लावू नका. जेफ्री हॉल या संवाद-अभ्यासकाच्या २०१८ च्या अभ्यासात नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायलाच सुमारे ५० तासांचा सहवास लागल्याचं दिसलं, जिवलग व्हायला २०० हून जास्त. दुसरी भेट दोन-तीन आठवड्यांत ठरवा, एखादं काम काढून: चष्मा आणायचाय, कुंड्या घ्यायच्यात. तोवर सगळं चॅटवर सांगून मोकळे होऊ नका. एखादा किस्सा भेटीसाठी राखून ठेवा.