इस्त्रीचं नाक काढायचं नसतं, कापायचं असतं

इस्त्रीचं वरचं प्लास्टिक कव्हर सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये करायला दिलं की नवी मुलं सगळे छेद पुढे नाकाच्या एका बिंदूत नेऊन लॉफ्ट मारतात, म्हणजे छेदांवरून एकसंध पृष्ठभाग (सरफेस) ताणतात. स्क्रीनवर छान दिसतं, पण त्या बिंदूपाशी सरफेस चुरगळतो आणि पुढे शेल, म्हणजे आतून पोकळ करून सारखी जाडी देणारी कमांड, रुसतं.

मी आधी इस्त्रीपेक्षा सगळीकडून मोठी अशी चार कडांची सरफेसची चादर करतो, तीही अर्धीच; उरलेली अर्धी मिररने येते. बाजूने दिसणारी वरची रेषा मिरर प्लेनवर (इस्त्रीला मधोमध उभं दुभागणारं प्रतल) स्प्लाइनने, म्हणजे पॉइंटांमधून जाणाऱ्या मोकळ्या वक्ररेषेने, काढा. पॉइंट तीन-चार, बस्स. स्प्लाइनवर राइट क्लिक करून 'शो कर्व्हेचर कोम्ब्स' लावा. रेषेवर कंगव्यासारख्या काड्या दिसतात; जिथे वळण जास्त, तिथे काडी उंच. काड्यांची उंची एका दमात चढली-उतरली पाहिजे. मध्येच काड्या पलीकडच्या बाजूला गेल्या तर रेषा तिथे उलटी वळलीय. अशा वेळी नवा पॉइंट टाकू नका, असलेला एखादा काढून बघा.

मग आडवे छेद. प्रत्येकाचं टोक त्या रेषेला पिअर्स रिलेशननेच बांधा, म्हणजे टोक नेमकं रेषेवरच बसतं. बाउंड्री सरफेसमध्ये (दोन दिशांच्या रेषांवरून सरफेस करणारी कमांड) छेद एका दिशेला, वरची रेषा दुसऱ्या दिशेला. त्या रेषेला 'नॉर्मल टू प्रोफाइल' (सरफेस मिरर प्लेनला काटकोनात भेटतो) द्यायला विसरलात तर मिरर केल्यावर कव्हरच्या पाठीवर कणा उमटतो. मिरर करा, 'निट'ने दोन्ही अर्धे शिवा, आणि झेब्रा (सरफेसवर काळे-पांढरे पट्टे दाखवणारी तपासणी) लावून मॉडेल फिरवा. पट्टे जोडावर तुटले तर टँजन्सीच नाही, म्हणजे दोन बाजूंची दिशाच जुळलेली नाही. जुळून कोपरा करत असतील तर कर्व्हेचर, म्हणजे वळणाचं प्रमाण, जुळलेलं नाही. दुरुस्ती मात्र स्केचमध्येच.

आता वरून दिसणारी बाह्यरेषा घ्या, ड्राफ्ट (साच्यातून सुटण्यासाठी भिंतीला दिलेला कल) देऊन भिंत उभी करा आणि म्युच्युअल ट्रिम मारा, म्हणजे चादर आणि भिंत एकमेकांना कापतात. नाक आपोआप निघतं.

इथे एक हिशोब आधीच करा. भिंत ४० मिमी उंच आणि ड्राफ्ट ३ अंश असेल, तर वर जाईपर्यंत ती सुमारे २.१ मिमी आत सरकते. खाली नाकाची त्रिज्या ३ मिमी धरली तर वर जेमतेम ०.९ उरते, आणि शेलची जाडी हवी २.५ मिमी, म्हणजे आतल्या बाजूला त्रिज्या उरतच नाही! खाली ६ घ्या, वर ३.९ मिळेल.

फिलेट, म्हणजे कडांची गोलाई, यानंतर. त्याची त्रिज्याही जाडीपेक्षा मोठी ठेवा. तरीही शेल अडलंच तर 'चेक'मध्ये किमान वक्रता-त्रिज्या शोधा. ती जागा बाणाने दाखवतं.