दुःख टाळता येते का? अलिप्ततेचा सराव कसा करावा

'दुःख तुमच्या मानण्यावर आहे' असे सरसकट सांगणारे प्रवचनकार पुण्यात उदंड आहेत. पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात हाच दावा फार जपून केला आहे. 'हेयं दुःखमनागतम्', म्हणजे जे दुःख अजून आलेले नाही, तेच टाळण्याजोगे आहे. आलेला घाव आपल्या इच्छेवर नसतो. मात्र त्यावर आपण पुढे जी भर घालत राहतो, तिच्यातला बराचसा भाग आपल्या हातात असतो, आणि अलिप्ततेचा सराव करायचा तो एवढ्यापुरताच.

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी करणाऱ्या एखाद्या मुलीने निकालाची पीडीएफ उघडली, शोधायच्या चौकटीत बैठक क्रमांक टाकला आणि तो सापडलाच नाही, असे समजू. त्या दुपारी आवंढा दाटणे, रडू कोसळणे, अभ्यासिकेत पाऊल टाकवेनासे होणे हे स्वाभाविक आहे, म्हणून पहिल्या दिवशी काहीही आवरू नये. घरी फोन करावा, मेसचा डबा निम्मा तरी संपवावा आणि झोपावे. 'मला काहीच वाटत नाही' असे त्याच दिवशी म्हणणे ही अलिप्तता नसून दडपणूक असते.

खरे काम दुसऱ्या दिवशी सुरू होते. कागदावर मधोमध उभी रेघ मारावी. डावीकडे फक्त घडलेले लिहावे: कटऑफ किती लागला, आपले गुण किती, यादीत नाव नाही. उजवीकडे मनाने जोडलेले लिहावे: सगळी वर्षे वाया गेली, गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही, मैत्रिणीचे पेढे खावे लागले म्हणजे मीच नालायक. डावी बाजू सोसायची आहे, उजवी तपासायची आहे, आणि तपासताना प्रत्येक वाक्यामागे पुरावा काय, हे स्वतःला निर्दयपणे विचारावे.

उजवीकडच्या बहुतेक वाक्यांमागे एक हट्ट दडलेला आढळतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विकसित केलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा रोख याच हट्टावर आहे. 'निवड व्हावी अशी माझी तीव्र इच्छा आहे' हे वाक्य ठेवावे. 'ती व्हायलाच हवी होती, नाहीतर मी कवडीमोलाची' हे सोडावे. इच्छा शिल्लक राहिल्यामुळे खेद उरेलच, आणि एलिसही खेदाला आक्षेप घेत नाहीत. त्यांना घालवायचे असते ते खचून जाणे. माझ्या मते अलिप्ततेचा हाच अर्थ रोजच्या जगण्यात पेलवणारा आहे, कारण त्यात माणसे किंवा ध्येय सोडावे लागत नाही, फक्त निकालावरचा हक्क सोडावा लागतो.

एवढे करूनही रात्री मोबाईलवर तीच यादी पुन्हा उघडली जाते. तेव्हा मनाशी वाद घालू नये. 'तुलना सुरू झाली' असे नुसते नोंदवून लक्ष श्वासाकडे आणावे आणि ते निसटले की पुन्हा आणावे. मन चंचल असल्याची अर्जुनाची तक्रार मान्य करून गीतेच्या सहाव्या अध्यायात जो उपाय दिला आहे, त्यात वैराग्याआधी अभ्यास, म्हणजे पुन्हा पुन्हा केलेला सराव येतो. स्वारगेटजवळ आणि आळंदीजवळच्या मरकळला विपश्यना या ध्यानपद्धतीची दहा दिवसांची शिबिरे होतात, तीही शुल्क न घेता. पण धक्का ताजा असताना दहा दिवसांच्या मौनात जाऊन बसण्याची घाई करू नये.

जिथे कृतीची गरज आहे तिथे अलिप्तता वापरू नये. घरमालक अनामत रक्कम बुडवत असेल तर दाद मागावी. घरात छळ होत असेल तर 'सोसायला शिक' हा सल्ला सरळ धुडकावावा. उदासी, झोप किंवा भूक उडणे, कशातच रस न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर कागद बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. जीव नकोसा वाटत असेल तर तेवढेही थांबू नये. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून रात्री-अपरात्रीही चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येते.