चौकातला फळा: लिहायचा कसा, पुसायचा कधी

पुण्याच्या पेठांमधल्या मंडळांचे आणि वाचनालयांचे फळे बघा. निम्म्यांवर गेल्या महिन्यातलं रक्तदान शिबिर अजून चालूच असतं. अशा फळ्याकडे चार दिवसांत कुणी बघेनासं होतं, मग त्यावरची पाणीकपातही वाचली जात नाही. म्हणून प्रत्येक बातमीच्या कडेला, बारीक अक्षरात, पुसायची तारीख घाला. तारीख उलटली की सकाळी आधी फडकं, मग खडू.

फळा 4 बाय 3 फुटांचा, 12 मिमी वॉटरप्रूफ प्लायचा करा. काळ्या फळ्याच्या रंगाचे दोन हात द्या, मध्ये बारीक पॉलिश पेपर मारा. कडा आणि पाठही रंगवा. पावसाळ्यात प्लाय तिथूनच फुगतो. रंग वाळला म्हणून लगेच लिहायला घेऊ नका. खडू आडवा धरून अख्खा फळा पांढरा करा आणि कोरड्या फडक्याने पुसून काढा. हे टाळलंत तर पहिला मजकूर पुसल्यावरही भुतासारखा दिसत राहतो. भिंत ज्याची असेल त्याची परवानगी घ्या. पश्चिमेचं ऊन टाळा, आणि वर फूटभर पुढे येईल असा पत्रा ठोका.

सुतळीला खडू चोळा, दोघांनी ताणून धरा आणि टिचकी मारा, की रेघ उमटते. तीच शिरोरेघ. दोन रेघांत चार इंच सोडा: अक्षर दोन इंचांचं, बाकी वेलांट्या-उकारांना. शिरोरेघ ठळक करायची ती शब्द लिहून झाल्यावर, नाहीतर शब्द एकमेकांना चिकटतात. कपभर पाण्यात दोन-तीन चमचे साखर विरघळवून खडू दहा मिनिटं भिजवा आणि ओला असतानाच लिहा. अक्षर ठसठशीत उठतं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बाहीने पुसलं जात नाही. काढताना मात्र ओलं फडकं लागतं.

‘उद्या पाणी येणार नाही’ हे वाक्य लिहूच नका. दुसऱ्या दिवशी वाचणाऱ्याचा उद्या वेगळा असतो. ‘गुरुवार, 12 तारीख: दिवसभर पाणी बंद. शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने’ असं लिहा. निधनाची बातमी घरच्यांनी सांगितल्याशिवाय नको. नाव त्यांच्याकडूनच लिहून घ्या, आणि घरून कधी निघणार, वैकुंठ स्मशानभूमीत कधी पोचणार, दोन्ही वेळा द्या.

पावसाळ्यात खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याचा विसर्ग लिहाल तेव्हा क्युसेकचा (सेकंदाला किती घनफूट पाणी) आकडा आणि वेळ, दोन्ही हवीत. विसर्ग तासागणिक बदलतो, सकाळचा आकडा दुपारी दिशाभूल करतो. नदीपात्रातला भिडे पूल पाण्यामुळे बंद असेल तर ती ओळ सगळ्यात वर. पानशेत धरण फुटल्याची 12 जुलै 1961ची आठवण असलेल्या गावात धरणाची ऐकीव बातमी फळ्यावर चढवू नये.

टोमण्यांचा मोह आवरा (पुण्यात हे अवघड आहे, कबूल). गेटसमोर गाडी लावणाऱ्याचा नंबर फळ्यावर आला, की संध्याकाळपर्यंत फळ्यासमोरच भांडण जुंपतं.

लिहिणारा एकच ठेवा. दुसऱ्याने रस्त्याच्या पलीकडे उभं राहून मोठ्याने वाचायचं. जो शब्द अडला तो पुसून पुन्हा लिहा.