जुन्या कमॅरोचं पॉवर स्टिअरिंग कसं सुधारावं

1967 ते 1969 या काळातली शेवरोले कमॅरो पहिल्यांदा चालवणारा माणूस खाली उतरला की इंजिनाचं तोंडभर कौतुक करतो आणि स्टिअरिंगचा विषय काढताच गप्प होतो. कारखान्यातून पॉवर स्टिअरिंग लागून आलेली ही गाडी एका बोटाने वळते, आणि तीच तिची उणीव आहे. हाताला वजन लागत नाही, चाकाखाली काय चाललंय ते कळत नाही. फ्रीवेवर सरळ जातानाही सारख्या बारीकबारीक दुरुस्त्या कराव्या लागतात.

म्हणून पॉवर स्टिअरिंगची सुधारणा म्हणजे ते आणखी हलकं करणं नव्हे. आपल्याला ते थोडं जड करायचंय, चपळ करायचंय आणि हातांना रस्ता कळेल असं करायचंय. मी मिशिगनमध्ये राहतो. अशा गाड्यांवर काम करायला इथला लांबलचक हिवाळा हाताशी असतो. पण ज्या चुका महाग पडतात त्या घाईने होतात, थंडीने नाही. त्यामुळे खालचा क्रम मोडू नका.

आधी आत काय आहे ते समजून घ्या. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने 1926 मध्ये हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग चालवून दाखवलं होतं, पण ते विक्रीच्या मोटारीत यायला 1951 ची क्रायस्लर इम्पीरियल उजाडावी लागली. कमॅरोतला स्टिअरिंग बॉक्स, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारी दातांची पेटी, जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ विभागाचा, लोक त्याला सॅगिनॉ 800 म्हणतात. स्टिअरिंगकडून येणारा दांडा आणि आतला वर्म (मळसूत्रासारखा गिअर) यांच्या मध्ये पेन्सिलीएवढी पोलादी सळई असते, तिला टॉर्शन बार म्हणतात. तुम्ही स्टिअरिंग फिरवलंत की ही सळई किंचित पिळली जाते. त्या पिळाने शेजारचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपाचं ऑइल पिस्टनच्या एका बाजूला दाब देतं. सळई बारीक असेल तर जरासा हात लागताच पूर्ण मदत मिळते आणि स्टिअरिंग पोकळ वाटतं. सळई जाड असेल तर मदत मिळण्याआधी हाताला थोडा जोर लावावा लागतो, आणि रस्त्याची जाणीव येते ती त्या जोरातूनच. एवढं लक्षात आलं की कोणता बॉक्स घ्यायचा हे ठरवणं सोपं जातं.

काही विकत घेण्याआधी

गाडीची पुढची बाजू उचलून जॅक स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. पुढचं चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा, मग बारा आणि सहाच्या जागी. पहिल्या हालचालीत प्ले (ढिलेपणा) जाणवला तर टाय रॉडचे, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्यांचे, शेंडे किंवा त्या दांड्यांना दुसऱ्या बाजूने आधार देणारा आयडलर आर्म गेलेला असतो, दुसऱ्या हालचालीत बॉल जॉइंट (चाकाला धरणारा गोल सांधा) किंवा व्हील बेअरिंग. मग कोणाला तरी गाडीत बसवून स्टिअरिंग हलकेच डावीउजवीकडे करायला सांगा आणि खालून बघा. आयडलर आर्म वरखाली डुलत असेल तर नवा बॉक्स बसवूनही गाडी भरकटणारच.

स्टिअरिंगचा दांडा बॉक्सला जिथे जोडला जातो तिथे कापडाचे थर घातलेल्या रबराची चकती असते, तिला रॅग जॉइंट म्हणतात. पन्नास वर्षांत तिच्यावर ऑइल ठिबकून ठिबकून रबर फुगतं आणि कडा उसवतात. बॉक्सचा दोष म्हणून सांगितला जाणारा प्ले कितीतरी वेळा या चकतीतच सापडतो.

बॉक्सच्या वरच्या झाकणावर एक ॲडजस्टिंग स्क्रू असतो. प्ले घालवायला तो कसण्याचा मोह होतो. तो मोह टाळा. मधोमध झिजलेल्या बॉक्सचा स्क्रू कसला की वळणावर दात अडकायला लागतात आणि स्टिअरिंग परत येईनासं होतं.

कोणता बॉक्स

कारखान्याच्या पॉवर बॉक्सचं गुणोत्तर 17.5:1 होतं, म्हणजे बॉक्सचं बाहेरचं टोक एक फेरा फिरायला स्टिअरिंगचे साडेसतरा फेरे. आजच्या चपळ बॉक्समध्ये ते साधारण 12.7:1 असतं, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच फेऱ्यांच्या आसपास. 1980 च्या दशकातल्या आयरॉक-झेड कमॅरोचा बॉक्स भंगारातून काढून बसवण्याची पद्धत जुनी आहे. तो चांगला आहे, फक्त त्याच्या आत अटकाव आहेत. पिटमन आर्म, म्हणजे बॉक्समधून निघून स्टिअरिंगचे दांडे हलवणारा हात, पूर्ण फिरत नाही, त्यामुळे गाडीला वळायला जास्त जागा लागते. 1990 च्या दशकातल्या जीप ग्रँड चेरोकीचा बॉक्सही लोक याच कामासाठी वापरतात.

माझं मत विचाराल तर भंगाराच्या मागे लागू नका. जाड टॉर्शन बार घातलेला, नव्याने बांधलेला बॉक्स घ्या. गाडीची मूळ ओळख जपायची असेल तर तुमचाच 800 बॉक्स चांगल्या कारागिराकडे देऊन त्यात जाड सळई घालून घ्या. बॉक्सऐवजी दातेरी पट्टीने चाकं वळवणाऱ्या रॅक अँड पिनियनचे संच बाजारात खूप मिळतात, पण या पिढीच्या कमॅरोत स्टिअरिंगचे दांडे चाकांच्या अक्षामागे असतात. तिथे रॅक बसवताना ऑइल पॅन आणि एक्झॉस्ट हेडरशी झगडावं लागतं, आणि भूमिती चुकली तर खड्ड्यात चाक गेलं की गाडी आपणहून वळते. रस्त्यावर चालवायच्या गाडीला एवढा खटाटोप गरजेचा नाही.

बॉक्ससोबत तीन गोष्टी तपासा. पहिली, दांड्यावरचे दाते. जुन्या आणि नव्या बॉक्सचे दाते बहुधा वेगळे असतात, तेव्हा नव्या दात्यांचा रॅग जॉइंट घ्या. दुसरी, होजचे आटे. जुने बॉक्स इंची आट्यांचे आणि फ्लेअरचे (पसरट तोंडाच्या नळीचे), नंतरचे मेट्रिक आणि ओ-रिंगचे (रबरी कड्याचे). यासाठी अडॅप्टर मिळतात. आटा जबरदस्तीने बसवू नका, बॉक्सच वाया जाईल. तिसरी, गाडी मुळात बिनपॉवरची असेल तर पिटमन आर्म पॉवर बॉक्सला जुळणारा हवा.

जुना बॉक्स काढणं

बॅटरीची तार काढा. स्टिअरिंग मधोमध आणा, चाकं सरळ करा, आणि रॅग जॉइंटवर व दांड्यावर एकाच रेषेत खडूची खूण करा. होज सोडताना खाली मोठं भांडं ठेवा, ऑइल वाटतं त्यापेक्षा जास्त निघतं.

पिटमन आर्मचा नट सैल करायला बॉक्स फ्रेमला बोल्ट केलेला असतानाच लांब दांड्याचा पाना लावा. आर्म काढायला पिटमन पुलरच वापरा. हातोड्याचे घाव आतल्या बेअरिंगपर्यंत पोचतात. वरच्या दांड्यालाही हातोडा लावू नका. 1967 पासून जनरल मोटर्सने टकरीत आत दबणारा स्टिअरिंग कॉलम दिला. त्यातल्या प्लॅस्टिकच्या पिना एका ठोक्याने तुटतात, आणि तुटल्याचं बाहेरून कळतही नाही.

मग फ्रेममधले तीन बोल्ट सोडा. शेवटचा बोल्ट निघायच्या आत बॉक्सखाली आधार द्या, त्याचं वजन पंधरा किलोच्या घरात असतं.

मधोमध शोधणं

सगळ्या कामात मी सर्वात जास्त वेळ इथे देतो. बॉक्सच्या बरोबर मध्यावर दात थोडे घट्ट बसवलेले असतात. गाडी सरळ चालताना बॉक्स त्या घट्ट जागी असला पाहिजे. तिथून पाव फेरा जरी सरकला तरी दातांमध्ये मोकळीक येते.

माझ्या पहिल्या कामात मी फेरे मोजले नव्हते. बॉक्स बसला, स्टिअरिंग वाकडं दिसलं, म्हणून मी स्टिअरिंगच काढून दोन दाते पुढे सरकवून सरळ केलं. दिसायला सगळं नीट. पण आय-75 महामार्गावर ताशी साठ मैलांच्या वेगाने गाडी डावी-उजवी हेलकावे खायला लागली तेव्हा पोटात गोळा आला. घरी येऊन सगळं पुन्हा खोललं.

म्हणून बॉक्स टेबलावर असतानाच त्याचा दांडा एका टोकापर्यंत फिरवा, तिथून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा आणि बरोबर निम्म्यावर आणा. खूण करा. आता तो गाडीत चढवा. रॅग जॉइंटचे दोन बोल्ट मुद्दाम वेगवेगळ्या जाडीचे असतात, म्हणजे जोड उलटा बसत नाही. पिटमन आर्मही ठरावीक जागीच बसतो. यानंतर चाकं सरळ नसतील तर टाय रॉडच्या बाह्या फिरवून सरळ करा, बॉक्सला हात लावू नका.

नट कसताना टॉर्क रेंच वापरा आणि आकडा तुमच्या सालच्या शॉप मॅन्युअलमधला घ्या. स्प्लिट पिना नव्याच घाला. भोक जुळत नसेल तर नट पुढे कसून जुळवा, मागे सैल करून कधीच नाही.

ऑइल भरणं

जुना पंप ठेवणार असाल तर आधी तो धुऊन काढा. परतीची होज एका बाटलीत सोडून स्वच्छ ऑइल येईपर्यंत जुनं वाहू द्या. झिजलेल्या पंपाचा कीस नव्या बॉक्सच्या व्हॉल्व्हमध्ये गेला तर सगळा खर्च पाण्यात.

पुढची चाकं अधांतरी ठेवा, इंजिन बंद. टाकी भरा आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश वीसेक वेळा फिरवा, मध्ये मध्ये टाकी भरत राहा. बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू करा. हवा राहिली असेल तर ऑइल ताकासारखं पांढुरकं दिसतं आणि पंप कण्हतो. अशा वेळी इंजिन बंद करून तासभर थांबा. हवा आपोआप वर येते. टोकाला नेऊन स्टिअरिंग दाबून धरू नका, तिथे पंपाचा दाब कमाल असतो.

अलाइनमेंट

अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. हे काम बाकी ठेवलंत तर अर्धी सुधारणा हातची जाते. त्या काळी या गाड्या जुन्या पद्धतीच्या बायस-प्लाय टायरवर धावत, आणि कारखान्याने कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा-पुढचा कल, जेमतेम अर्धा अंश ठेवला होता, कारण कॅस्टर वाढला की स्टिअरिंग जड होतं. आता टायर रेडियल आहेत आणि जड चाकं फिरवायला नवा बॉक्स आहे. अलाइनमेंटवाल्याला छापील जुना आकडा वापरू देऊ नका. कॅस्टर जितका पॉझिटिव्ह (अक्षाचं वरचं टोक मागे) करता येईल तितका मागा. चाक धरणाऱ्या मूळ वरच्या आर्ममागच्या शिम (पातळ चकत्या) बदलून दोन-तीन अंश मिळतात, त्यापुढे पाच अंशांपर्यंत जायचं तर वेगळे आर्म लागतात. टो-इन (पुढची चाकं समोरून आत झुकण्याचं माप) एक सोळांश ते एक अष्टमांश इंच पुरतो. कॅस्टर वाढला की वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग तळव्यातून आपणहून सरकत मध्यावर येतं.

पहिले शंभर मैल झाले की गाडी पुन्हा स्टँडवर घ्या. फ्रेमचे तीन बोल्ट, पिटमनचा नट आणि रॅग जॉइंट पुन्हा तपासा, आणि रात्रभर बॉक्सखाली एक पांढरा पुठ्ठा ठेवा. सकाळी त्यावर डाग असेल तर तो कोणत्या जोडाखाली पडलाय ते बघा. बहुतेकदा तो होजचाच जोड असतो आणि पाव फेऱ्यात बंद होतो.